तासभराची सुटका

"स्प्लिंट कोण काढत होतं?" पोरीचं वाकडं झालेलं कोपर हातात धरून डॉक्टरांनी तिच्या आईला विचारलं.

आईच्या शेजारच्या खुर्चीत आजी बसली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळं गाव तिला सिस्टरच म्हणे.

सिस्टरांची चौतीस वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत गेली होती. भाजलेल्या मुलांच्या आयांना त्या बजावत, "जखम भरली म्हणजे झालं असं समजू नका. नवी कातडी वर्षभर आतल्या आत आखडते, सांधा ओढून घेते. सांधा सरळ ठेवणारी ही स्प्लिंट रात्रंदिवस बांधलेलीच हवी. पोर रडेल, रडू दे. माया नंतर करा." जी ऐकणार नाही तिची बिनपाण्याने करत. हे डॉक्टरही शिकाऊ असताना त्यांची बोलणी खाऊनच तयार झाले होते.

उकळत्या पाण्याने नातीचा हात भाजला तेव्हा सगळे म्हणाले, घरातच सिस्टर आहेत, काळजी कसली! सून कामावर जाई. दुपारी पोरगी मुसमुसायची, "आजी, खूप खाज येते गं. थोडाच वेळ काढ ना." पहिल्या दिवशी पाच मिनिटं. मग तासभर. हात मुडपून गालाखाली घेऊन ती अशी गाढ झोपायची, की उठवणं जिवावर यायचं. सून परतायच्या आत स्प्लिंटचे पट्टे पुन्हा आवळलेले असत.

"आता ही आखडलेली कातडी कापावी लागणार," डॉक्टर म्हणाले. "मांडीची कातडी काढून इथे लावायची. ताई, किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला! घरात एवढ्या अनुभवी सिस्टर असताना..."

"तिने नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी काढत होते. रोज दुपारी."

डॉक्टरांनी कागदात डोकं घातलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सून हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, आई. संध्याकाळी तिच्या गालावर याच हाताच्या बोटांचे वळ दिसायचे, हात गालाखाली घेऊन झोपल्याचे. म्हटलं, तुम्ही सिस्टर, तुम्हाला कळतच असेल."



"किती सरळ होतो ते मोजू," डॉक्टर म्हणाले. "दंड कुणीतरी धरा."

सिस्टर उठल्या. आजी धरणार म्हटल्यावर पोरगी निर्धास्त झाली. सिस्टरांनी दंड पकडला, इतकी वर्षं परक्या पोरांचा पकडला तसाच, घट्ट. डॉक्टरांनी मनगट हळूहळू ओढायला सुरुवात केली. पोरगी ओरडली नाही. आजी कधी सोडते, याची वाट बघत तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.