आईचे सोमवार

हर्सूलच्या घरात भाकरी थापताना आईच्या बांगड्या अखंड किणकिणत आणि ताटावर बसताच त्या गप्प होत. डावा हात बरगड्यांखाली दाबून ती पहिल्या घासाकडे अशी पाही, जणू दारात कुणी अनोळखी माणूस येऊन उभा आहे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेली, हेमंतातल्या उन्हासारखी कृश आणि उजळ अशी ती. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी. तिच्या उपवासांचं गल्लीभर कौतुक होतं. घरातली बाई सर्वांच्या मागून जेवते; त्यामुळे आई जेवतच नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

लग्नानंतर मी माहेरपणाला आले, तेव्हा पहिल्यांदाच तिच्यासोबत मागच्या पंगतीला बसले. दोन घासांत तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून गं हे?" मी विचारलं.

"लई वर्षं झाली. खाल्लं की आत पिळवटतंय. उपास असला की बरं, कुणी इचारत नाय."

दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले.

शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. जठराकडची आणि आतड्यांकडची अशा दोन धमन्या एरवी महाधमनीतून वेगवेगळ्या फुटतात. आईच्या दोन्ही जन्मतःच एका मुळातून निघालेल्या, आणि ते एकुलतं मूळ श्वासपटलाच्या चिवट पट्ट्याखाली चिमटलेलं. जेवलं की रक्त पुरत नसे. पट्टा कापायचा होता. मुळाला धक्का लागला तर मात्र कठीण आहे, असं डॉक्टर म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसून मला देवाकडे काही मागताच येईना. इतके उपवास त्याने मुकाट्याने घेतले, याचा मला रागच आला होता.

ती वाचली. घरी आल्यावरच्या पहिल्या सोमवारी बाबांनी सवयीने भगरीचा डबा खाली काढला.

"भगर राहू द्या," आई त्यांना म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मला भाकर वाढ, माय. आन् तुम्ही समदे बसा मागून."

पुढे ती पोटभर जेवली, तरी तिच्या डाव्या हातावरची माझी नजर कधी हटली नाही. आता ती नाही. अजूनही सोमवारी पानं वाढली की माझा कान नकळत बांगड्यांकडे लागतो, घास हातातच राहतो, आणि वाटतं, माणूस गेल्यावर काळ त्याची न जेवलेली वर्षंच आपल्या पानात पुन्हा पुन्हा वाढत राहतो.