कप्पीत अडकलेला लाल धागा

मित्रांनो, मी शिडाची गुराब आहे. गुराब म्हणजे जुन्या आरमारातलं लढाऊ जहाज. मी सात वादळं पचवली आहेत. एकदा भर समुद्रात देवमासा समोर आला, तेव्हा वाट त्यानेच दिली. शोकेसमधल्या काचेच्या हत्तीला हे मी इतक्यांदा ऐकवलंय की तो बिचारा आता मान डोलावतो. तुम्ही मात्र माझं बोलणं निम्मं वजा करून ऐका.

खरं सांगायचं तर मी हातभर लांब आहे. पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर जन्मले आणि समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर.

मला घडवलं मारुतरावांनी. ते इथल्या जुन्या गावातले. आज जिथे सोसायटीचं पार्किंग आहे, तिथे त्यांच्या वडिलांचा गोठा होता. मारुतराव तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना जहाजं बनवायचा नाद लागला. पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्यांतून त्यांनी माझा सांगाडा कोरला आणि आईस्क्रीमच्या काड्यांचा डेक बसवला. त्या काड्यांसाठी त्यांच्या पत्नीने, अंबुबाईंनी, एका उन्हाळ्यात चारशे आईस्क्रीम खाल्ली. (हेही निम्मं करा.) सुती दोरा चहात उकळून तपकिरी केला, मोहरीएवढ्या कप्प्यांच्या चाकांतून तो चिमट्याने ओवला, आणि माझ्या तीन डोलकाठ्या शंभरावर दोऱ्यांनी ताणून बांधल्या.

फिटरचा हात तो. बोल्ट घट्ट बसल्यावरही अर्धा आटा आणखी पिळायचा, तसं त्यांनी प्रत्येक दोरीला केलं. पाहुणे बोटाने दोरी छेडत, ती टुंग वाजे, आणि मी फुगून जाई.

घरकामाला कस्तुरा येत असे. मावळातल्या खेड्यातून येऊन ती जवळच्या रहाटणीत राहत होती. एकदा फरशी पुसताना ती थांबली.

"तात्या, दोऱ्या जरा ढिल्या ठेवा. पावसाळ्यात दावं भिजलं की आखडतंय. आमी गुरांची दावी सैल करतो, न्हाईतर गळ्याला फास बसतो."

"अगं, हे दावं न्हाई, रिगिंग हाय, जहाजाच्या दोऱ्या," मारुतराव हसले. "तू फरशी बघ."

मीही हसले. मला हिने गुरांच्या रांगेत उभं केलं! मित्रांनो, त्या हसण्याची आज लाज वाटते.

आषाढात आठवडाभर झड लागली. हवा ओली, भिंती ओल्या. माझे दोरे आखडू लागले आणि मधली डोलकाठी केसाकेसाने वाकू लागली. मला ते कळत होतं. एखादी गाठ मी सुटू दिली असती तर निभावलं असतं. पण मग पाहुणे ढिली म्हणाले असते! मी दातओठ आवळून उभी राहिले.

झडीतल्याच एका दिवशी सकाळी शोकेस पुसताना कस्तुराच्या फडक्याची लाल दशी माझ्या कप्पीत अडकली. तिने ती हळूच सोडवली. एक धागा तेवढा राहून गेला. ती काम आटोपून गेली. दुपारी तीनला माझी डोलकाठी कट्‌कन मोडली. मारुतराव झोपेतून उठून आले. त्यांनी काठी पाहिली आणि मग लाल धागा पाहिला.

दुसऱ्या दिवशी कस्तुरा दारातून आत येते न येते तोच ते म्हणाले, "मोडलीस ती मोडलीस, वर गप निघून गेलीस?"

"पोरांची आन, तात्या. फडकं अडकलं व्हतं, मी सोडवलं. काठी उभीच व्हती."

"मग ह्यो धागा काय खोटं बोलतोय?"

"अवं, पाच वर्सं झाली," अंबुबाई मध्ये पडल्या. "घरातला चमचा इकडचा तिकडं झाला न्हाई तिच्या हातनं."

मारुतरावांनी ऐकलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं: कस्तुराला नाजूक वस्तूंजवळ एकटं सोडू नका, मोडून लपवते. संध्याकाळपर्यंत दोन घरांनी तिचं काम काढून घेतलं. आमच्याकडे तिने स्वतःच येणं बंद केलं.

पंखा चालू होता. तो धागा मी केव्हाही उडू दिला असता तर उडाला असता. मी घट्ट धरून ठेवला. कारण दोष कस्तुराचा ठरला, तर माझे दोरे निर्दोष ठरत होते. आणि खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं.

मारुतरावांनी नवी काठी कोरली आणि पुन्हा तशीच कसून बांधली. श्रावणात परत झड लागली. ते माझ्यासमोर चहा घेत बसले होते. घरात कोणी पुसत नव्हतं, कोणी झाडत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत कट्! नवी काठीही मोडली.

अंबुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "आता कुनाचं फडकं व्हतं?"

मारुतरावांनी दोरीवरून अंगठा फिरवला. ती ओलसर होती.

"आबांच्या गोठ्यात पावसाळ्यात मीच दावी सैल करायचो."

"मग इसरला कुठं?"

"कंपनीत."

"तिच्या कानात माफी मागून भागायचं न्हाई. बोभाटा जिथं केला, तिथंच सांगा."

त्यांनी ग्रुपवर लिहिलं: काठी माझ्या चुकीने मोडली, कस्तुरा खरं बोलत होती, मी खोटा आळ घेतला. मग मला मांडीवर घेऊन रिक्षाने रहाटणीला गेले. कस्तुराने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"एका घरनं मघाशीच फोन आला, या म्हणून," ती म्हणाली. "दुसरीकडं नवी बाई लागलीय. तिच्या पोटावर मी कशी पाय देऊ?"

तिने माझी एक दोरी बोटाखाली दाबून पाहिली. "मुगाचा दाणा मावंल इतकी ढिली ठेवा. मी येते उद्यापासनं. पण ह्या जहाजाला हात लावणार न्हाई. ह्याची धूळ तुमची तुमी झाडा."

आता दर रविवारी मारुतराव ब्रशने माझी धूळ झाडतात. माझ्या दोऱ्या वाजत नाहीत. कोणी ढिल्या म्हणालं, तर ते कस्तुराचं नाव घेऊन कारण सांगतात. तो लाल धागा त्यांनी चिमट्यात धरला होता, पण काढला नाही. तो अजून तिथेच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरची एखादी लाडकी वस्तू मोडली, तर आधी ती वस्तू नीट निरखा, माणसाकडे बोट मग दाखवा. वस्तू फार लबाड असतात. मला विचारा! आणि माझ्या बाकीच्या गोष्टी निम्म्या करा, पण ही पुरी घ्या.

कस्तुरा रोज माझ्यासमोरची फरशी पुसते आणि मान वर न करता पुढे जाते. ती खोलीत असेपर्यंत मी गप्प असते. सात वादळांची गोष्ट हत्तीलासुद्धा सांगायचं धाडस होत नाही.