ट्रायपॉड हसत नाही

सेजलनं ट्रायपॉड घेतला तेव्हा आमचं भांडण झालं नाही. मी समजूतदारपणे बाजूला झाले आणि

कट. पुन्हा.

सेजलनं ट्रायपॉड घेतला. तिच्या वाडीत कुरिअरवाला चढत नाही, म्हणून पत्ता बिरवाडीतल्या माझ्या खोलीचा दिलेला. खोकं मीच फोडलं, स्क्रूही मीच आवळले.

"भारी हाय ना गो, वैशे?" ती म्हणाली.

भारी होता. हात भरून येत नव्हते त्याचे. मधेच हसतही नव्हता.

मी हसते. तुम्ही मला ओळखत असाल तर तेवढ्यावरूनच. तानूबाय आठवते? गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आंबेनळी घाटात मोबाइलच्या नकाशातल्या बाईशी भांडणारी? नकाशातली बाई सांगते, पुढे यू टर्न घ्या. तानूबाय म्हणते, "हितं वळले तर थेट दरीत जाईन. मंग तू येशील काय गो उचलायला?" ती तानूबाय म्हणजे सेजल. पुढच्या क्षणी मोबाइल हलतो, चित्रात नुसतं आभाळ येतं आणि मागून कुणीतरी म्हैस रेकावी तसं हसतं. ती मी, मोबाइल धरणारी.

तो व्हिडिओ लाखांनी बघितला. खाली लोक लिहायचे:

मागं कोण हसतंय राव?

हिच्या हसण्यासाठी परत आलो

तानूबायपेक्षा मागचीच डेंजर हाय

हे शेवटचं मी आईला वाचून दाखवलं. जन्मभर ती मला दात झाक, दात झाक करत आली. त्या दिवशी पहिल्यांदा

कट. रडगाणं नको.

मग सेजलनं तानूबाय बंद केली. गाणी लिहायला लागली. चाल तिचीच, आवाज तिचाच. एका गाण्यांच्या कंपनीनं फोन केला होता, पण त्यांना तानूबायची गाणी हवी होती. ही नाही म्हणाली. आवाज घुमू नये म्हणून पडवीत गोधड्या टांगून गाणं रेकॉर्ड करायचं आणि नेटवर सोडून द्यायचं. गिटारवर पुण्याचा आमोद. चांगला मुलगा आहे.

कट. चांगला असेल. मला आवडत नाही. एकदा तो तिला म्हणाला, "सेजल, ते 'गो' फार येतंय. 'गं' करूया का? सगळीकडे चालेल." सेजल म्हणाली, "आमच्यात गं नाय. गो हाय." मी आठवडाभर खुशीत होते. पुढच्या आठवड्यात नवीन गाणं आलं. त्याच्या खाली कुणीही विचारलं नव्हतं की मागं हसायची ती कुठं गेली. मी शेवटच्या कमेंटपर्यंत बघितलं. दोनदा.

मग तिचा फोन आला.

"महाडात कार्यक्रम ठरलाय. हॉलमध्ये, तिकीट लावून."

"तानूबायचा?"

"नाय गो. माझा."

"बरं."

"येशील ना? फक्त पुढं नको बसू."

"का? मी काय पाप केलंय?"

"तुझं तोंड दिसलं की हसू फुटतं मला. मंग झालं गाणं."

मी पहिल्या रांगेत बसले.

इथे कट नाही. त्या दिवशी मी नोकरी करते त्या कंपनीच्या लॅबमधून लवकर निघाले, रिक्षा केली आणि हॉल उघडायच्या आधी दारात उभी राहिले. तिचा आवाज मी तिच्याकडून काढून घेऊ शकत नव्हते. तिला हसवणं मात्र माझ्या हातात होतं. ते अजून माझंच आहे का, एवढं मला बघायचं होतं.

हॉल भरला. शेजारी मांडीवर पिशवी घेतलेली एक बाई येऊन बसली. मागून बिरवाडीच्याच एका काकांनी माझ्या खुर्चीवर टिचकी मारली.

"तुम्हीच ना त्या? मागं हसणाऱ्या?"

"हो."

"आज हसणार ना मॅडम? आम्ही त्याच्यासाठीच आलोय."

"बघू," मी म्हणाले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सेजल आली ती साधा निळा कुर्ता घालून. "तानूबाय!" मागून शिट्ट्या. ती हसली, खाली बसली, आमोदनं सूर दिला. पहिली दोन गाणी लोकांनी ऐकून घेतली, भाषण ऐकतात तशी. सगळे कशाची तरी वाट बघत होते. तिसरं सुरू झालं.

दार लोटून जा गो, कडी लावू नको

'गो' आला आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी दोघं. त्यांना वाटलं, आली तानूबाय. सगळा हॉल उतू जाणाऱ्या दुधासारखा काठाशी आला होता. काकांचा श्वास माझ्या मानेवर. सेजलनं समोर बघितलं.

मी दिसले तिला. मी भुवया उडवल्या, मोबाइलमागून उडवायचे तशा. तिचं हसू ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आधी फुटतं. ते फुटलं की मी फुटते, मग मोबाइल हलतो, मग आभाळ. मी त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

कोपरा हलला नाही. तिनं मला पूर्ण बघितलं, ओळखलं आणि पुढची ओळ उचलली.

येणारीला वाटू दे, घरात कुणी हाय

मग मी हसले. येत नव्हतं तरी हसले. म्हैस, रेडा, सगळं. हॉल फुटला. काकांनी टाळी वाजवली. आमोदची बोटं तारांवर थांबली आणि तो तिच्याकडे बघायला लागला.

सेजल रागावली नाही. घाटात वळणावर समोरून एसटी आली की आपण गाडी कडेला घेऊन थांबतो, तशी ती थांबली. एसटी जाऊ दिली. मग गिटार नसताना, पहिल्यापेक्षा हळू आवाजात, तीच ओळ पुन्हा सुरू केली. इतक्या हळू की ऐकायचं तर गप्प बसावं लागत होतं. मागची रांग गप्प झाली. मग मधली. काकाही. माझं हसणं तेवढं चालू राहिलं. एकदा लागलं की ते मला थांबवता येत नाही.

शेजारच्या बाईनं कोपर मारलं. "गप गो बाय! ऐकू दे की जरा."

मी तोंडावर हात ठेवला. गाणं पुढे गेलं. दार, कडी, आणि घरात कुणीच नसलेली एक बाई. शेजारच्या बाईनं पदरानं डोळे पुसले आणि स्टेजवरची नजर न काढता माझ्याकडे झुकली.

"कुणाची गो ही पोर? वळखतेस काय?"

"नाय," मी म्हणाले.