डोलकाठीवरचा पाठमोरा दिवा

मित्रांनो, जुना आहे म्हणून मला शांत, समंजस दिवा समजू नका. एका जागी स्वस्थ बसणं मला अजून जमलेलं नाही. शिडाच्या छोट्या होडीत डोलकाठीच्या अगदी टोकावर माझी जागा. खाली बसलेल्यांना साधी झुळूक वाटते, तेव्हा मी वर चांगला हिंदकळत असतो. मला तीन काचा आहेत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी आणि मागे पांढरी. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, की समजायचं होडी आपल्याकडे येते आहे. नुसता पांढरा दिसला, तर ती लांब चालली आहे. अंधारात एवढं सांगणं हेच माझं काम.

माझी पहिली होडी मोडीत निघाली आणि मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, खणात जाऊन पडलो. शेजारी गंजलेले स्क्रू. खण उघडला की मी आशेने पाहायचो. हात आत यायचा आणि स्क्रू घेऊन जायचा! जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

दुकान थोरल्या बहिणीचं होतं. धाकटी बहीण खाडीपलीकडे राहायची आणि होडी चालवायची. त्यांचे म्हातारे बाबा इतकी वर्षं थोरलीकडे होते, पण आता दुकानावरच्या खोलीचा जिना त्यांना चढवेना. म्हणून त्यांना धाकटीकडे न्यायचं ठरलं. थोरलीचं दुकान संध्याकाळी बंद व्हायचं, म्हणजे निघायला अंधार होणार, आणि धाकटीच्या होडीला तर दिवाच नव्हता. थोरलीने खण उपसून मला बाहेर काढलं. मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता.

डोलकाठी उतरवून अंगणात दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली. थोरलीच्या हाताला सफाई होती. तिने पोकळ काठीतून वायर ओवली. होडी हलली की वायर आतल्या आत आपटू नये म्हणून स्पंजचे तुकडे कोंबले. खारं पाणी शिरू नये म्हणून जोडांवर प्लॅस्टिकची नळी चढवली आणि ती गरम करून घट्ट बसवली. धाकटी शेजारी बसून तिला दिव्यांचे रंग समजावत होती.

"ताई, नीट बसव हं. त्या फेरीबोटी रेड्यासारख्या अंगावर येतात."

"तू मला शिकवू नकोस. तुझ्या खेळण्यातल्या मोटारीची वायरसुद्धा मीच जोडायचे. जा, चहा टाक."

धाकटी चहा टाकायला गेली आणि तेवढ्यात घोटाळा झाला. काठीच्या एका अंगाला लांबलचक खाच असते, तिच्यात शीड सरकतं. ती खाच म्हणजे काठीची पाठ, मागची बाजू. होडीवाल्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते कुणाला सांगायचं त्यांना सुचतही नाही. थोरलीला वाटलं, खाच आहे तीच पुढची बाजू. माझ्या बुडावरचा, पुढची बाजू दाखवणारा बाण तर कधीच पुसला गेला होता. तिने मला उलटा बसवला. बॅटरी जोडताच तिन्ही काचा उजळल्या आणि धाकटीने कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. दिवा लागतो की नाही, हे दोघींनी पाहिलं. त्याचं तोंड कुठे आहे, हे कुणीच पाहिलं नाही. मी तळमळत राहिलो.

संध्याकाळी बाबा होडीत बसले. थोरलीने त्यांच्या स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि ती धक्क्यावर उभी राहून हात हलवू लागली. होडी निघाली. अंधारून आलं तसं धाकटीने माझं बटण दाबलं. होडी पुढे आणि माझं तोंड मागे, धक्क्याकडे! समोरून एक फेरीबोट येत होती. तिला माझा पांढरा उजेड दिसत होता. तिच्या लेखी आम्ही तिच्यापासून लांब चाललो होतो, त्यामुळे ती वळेना. धाकटीला वाटत होतं, आपले रंग दिसताहेत, वाट देईल ती. मला बोंब मारायची होती, पण दिव्याला कुठला आवाज?

तोच तिकडे धक्क्यावर थोरलीचा हलणारा हात मध्येच थांबला. होडी लांब जात होती आणि तिला तर लाल आणि हिरवा, दोन्ही दिसत होते. बाबांच्या खिशातला फोन वाजला.

"बाबा, दिवा उलटा बसलाय! टॉर्च काढा, शिडावर मारा!"

"अगं, पण झालंय काय?"

"आधी मारा!"

बाबांनी चाचपडत टॉर्च काढून लावला. सगळं शीड उजळलं. फेरीबोटीने भोंगा दिला आणि ती कशीबशी वळली. तिच्या लाटांनी होडी एवढी कलंडली की मी जवळजवळ पाण्याला टेकलो. मग होडी सावरली आणि धाकटीने ती मागे फिरवली.

"ही थोरली ना," बाबा धापा टाकत म्हणाले, "स्वतःची चूक स्वतःच ओरडून सांगते. लहानपणापासूनची खोड आहे."

दुसऱ्या दिवशी काठी पुन्हा उतरली. मला सरळ करताना थोरलीचे डोळे भरून आले.

"रडतेस काय ताई? वाचलो ना आम्ही."

"त्याचं नाही गं. ते दोन रंग दिसले आणि आधी वाटलं, बाबा परत येताहेत. इतकं बरं वाटलं! मग कळलं, तुम्ही तर निघालाय."

त्या संध्याकाळी बाबा पुन्हा होडीत बसण्याआधी थोरलीने एक वल्ह्याची होडी घेतली आणि माझ्याभोवती पुरी फेरी मारून मला सगळीकडून पाहिलं.

मित्रांनो, दिवा बसवलात की तेवढ्यावर खूश होऊ नका. जरा लांब जा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघा.

माझी चुळबुळ काही थांबलेली नाही. रविवार जवळ आला की ती वाढतेच. रविवारी आम्ही बाबांना थोरलीकडे जेवायला नेतो. अंधार पडता पडता धक्का दिसू लागतो. थोरली तिथे उभी असते. तिला लांबूनच लाल दिसतो, हिरवा दिसतो, आणि ती हात हलवू लागते. आता बाबा खरोखरच येत असतात.