महागाईचा धडा

खडू मोडला. बाईंनी उरलेल्या तुकड्याने इंग्रजी वाक्य पुरं केलं आणि अर्थ सांगितला, "ही वस्तू घ्यायची तर एक हात आणि एक पाय मोजावा लागतो."

"अगं बाई! मग तेल आणायला गेलेली बाई घरी परतणार कशी?" शिलाईवाल्या मावशी म्हणाल्या.

दोघी हसल्या. रिकाम्या बाकांमुळे हसू जरा जास्तच घुमलं.

भाडं दुपटीने वाढलं होतं आणि बाईंनी हात टेकले होते. वर्ग बंद होतोय, हे बाकीच्यांना त्यांनी फोनवर कळवलं होतं. मावशींनी मात्र फोन केव्हाच विकला होता. त्या नेहमीसारख्या आल्या, पहिल्या बाकावर बसल्या, आणि बाईंच्या तोंडून बातमीऐवजी धडाच बाहेर पडला.

"आता हे. पट्टा आवळणं."

"म्हणजे पोटाला चिमटा काढणं."

"बरोबर. आणि हे, पाण्याच्या वर डोकं ठेवणं. कसाबसा तग धरणं."

मावशी फळ्याकडे बघत राहिल्या. "हातपाय मारायचे थांबले की बुडायचंच ना, बाई?"

आता सांगायलाच हवं, म्हणून बाई बाकासमोर खुर्ची ओढून बसल्या. "मावशी, एक बोलायचं होतं."

"आधी मी बोलते, नाहीतर धीर व्हायचा नाही." मावशी बोटावरचा सुईचा जुना व्रण चोळत होत्या. "उद्यापासून मी येत नाही. इस्त्रीच्या कारखान्यात संध्याकाळची पाळी धरलीय. नुसत्या शिलाईवर चूल पेटत नाही आता. ज्यासाठी इंग्रजी शिकत होते ती हॉटेलातली नोकरी, मुलाखत... राहिलं ते. तुम्ही एवढा जीव तोडून शिकवलंत, आणि मीच अर्ध्यावर सोडतेय. रागावू नका."

बाईंच्या ओठांवर आलेलं परत आत गेलं.

"रागावू कशाला? दिवस पालटले की या. तुमची जागा ठेवते."

"ठेवाल?"

"ही काय, पहिल्या बाकावरची."

मावशींनी डोळे टिपले, चपला घातल्या आणि हलक्या पावलांनी जिना उतरल्या. त्यांना वाट देऊन जुन्या सामानाचा व्यापारी दोन हमालांसह वर आला.

"बाकं उचलू ना, बाई?"

बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"जरा थांबा," त्या म्हणाल्या. "त्यांना वळणापलीकडे जाऊ द्या."