सराईतली बारावी कमान

जालना जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी राजूरच्या वाटेवरच्या जुन्या सराईत शाळा भरू लागली. मुसाफिरांच्या खोल्या कधीच पडल्या होत्या, उरला होता तो घोड्यांचा तबेला. लांबलचक दगडी इमारत, अंगणाकडं तोंड केलेल्या अकरा कमानी, चुन्याचा जाड गिलावा. गव्हाणींत पाट्या-दप्तरं राहू लागली, घोडे बांधायच्या दगडी कड्यांना छत्र्या लटकू लागल्या. घाण वाहून जावी म्हणून फरशीला मागं उतार होता, त्यामुळं मागच्या रांगेतली पोरं तास संपेस्तोवर भिंतीला चिकटलेली असायची.

सत्याऐंशी साली जिल्हा परिषदेकडून दुरुस्तीसाठी कागद आला. इमारतीची मापं आणि इतिहास लिहून पाठवायचा होता. मुख्याध्यापक रामकिसन सरांनी तो गणित शिकवणाऱ्या देवानंद खिल्लारेंकडं दिला.

इतिहासानंच देवानंदला पहिल्यांदा गोंधळात टाकलं. पारावरचे म्हणाले मोगलाईतली सराई, दुकानदार म्हणाला निजामाची, तिसऱ्यानं ती एका मारवाड्याच्या नावावर चढवली. मंग त्यानं टेप काढला. बाहेरून लांबी एकशेवीस फूट, आतून एकशेसहा. दोन्ही टोकांच्या दोन-दोन फुटांच्या भिंती वजा केल्या तरी दहा फुटांचा पत्ता लागेना. चारदा मोजलं. आपलंच गणित चुकतंय की काय, असं त्याला वाटायला लागलं.

"आतलं लिहा आन मोकळे व्हा," रामकिसन सर म्हणाले.

अंगण झाडणारी गिरिजाबाई खराटा टेकून बघत होती. सत्तरीची बाई, देवानंदच्याच समाजातली, पण तो बदलून आलेला, तिचं जुनं त्याला ठाऊक नव्हतं.

"काय मोजून राह्यलात, सर?"

"दहा फूट कुठं गेले, मावशी, तेच कळंना."

"गेले कुठं न्हाईत. तिथं बारावी कमान हाये. माझा जन्म त्यातला."

तिचा आजा आणि बाप मुसाफिरांच्या घोड्यांना खरारा करायचे. सराईच्या खोल्यांत त्यांना जातीमुळं मज्जाव होता, म्हणून शेवटच्या कमानीत त्यांचं बिऱ्हाड. मोटारी आल्या, घोडे गेले. तिच्या लग्नाच्या साली बापानं स्वतःच्या हातानं विटा रचल्या, वरून गिलावा केला आणि मळ्यावर राह्यला गेला.

"बुजवली कशापायी?"

"इचारलं होतं. बोलला न्हाई."

रामकिसन सर कुरकुरले, पण एक खोली वाढेल म्हणून तयार झाले. गवंड्यानं आतली भिंत एका बाजूनं उकरली. कोंडलेली हवा बाहेर आली. देवानंदनं वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात काजळी धरलेली चूल, समोर गव्हाण, तिच्या शेजारी घोड्याची कडी, कडीच्या खाली माणसाच्या पाठीनं गुळगुळीत झालेला दगड. इथं घोडा राहत होता की माणसं? त्याला ठरवता येईना.

"दोन्ही," गिरिजाबाई म्हणाली. "सराई भरली की एक घोडा आमच्यात यायचा." तिनं गव्हाणीत हात घातला. "कडबा टाकून माय मला यातच निजवायची. घोड्याचा श्वास ऊन लागायचा."

देवानंदला काय वाटावं तेच कळेना. राग यावा असं होतं, पण म्हातारी हसत होती. तिच्या बापानं ही जागा लाजेनं झाकली, की कुणी घोडा परत आणून बांधू नये म्हणून? त्यानं ते तिला विचारलं.

"सर, मला लई वाटायचं, इटा काढल्या की समजंल," ती सावकाश म्हणाली. "काढल्या, तरी न्हाई समजलं."

कागदात त्यानं लिहिलं: कमानी बारा, शेवटच्या कमानीत खरारा करणाऱ्यांचं कुटुंब राहत होतं. बांधणाऱ्याच्या नावाची जागा त्यानं रिकामी सोडली. सहा महिन्यांनी फक्त कौलांची मंजुरी आली, इतिहासाबद्दल कुणी अक्षर विचारलं नाही.

खोली कशाला वापरायची यावर वाद झाला. रामकिसन सरांना तिथं अडगळ ठेवायची होती. गिरिजाबाई दारात आडवी झाली. "तिथं पहिलीची लेकरं बसवा." तिचं ऐकलं गेलं. देवानंद तिथं बेरजा शिकवायचा, आणि शिकवताना मधेच थांबायचा. गिरिजाबाईच्या बापानं ही कमान का बुजवली असावी, हे त्याला दर वर्षी वेगळंच वाटे.