प्रशिक्षकाचा रकाना

विनोदिनी बर्वे मूळच्या वाईच्या. लग्न होऊन साताऱ्यात आल्या आणि नोकरी लागली ती औंधच्याही पुढं, थोरल्या माळवाडीच्या शाळेत. विज्ञान शिकवायला म्हणून त्या रुजू झाल्या होत्या. चार वर्षांनी व्यवसाय शिक्षणाचा विषय त्यांच्या गळ्यात पडला, कारण तो दुसरं कुणी घेईना.

विषय होता मोटर भरण्याचा. त्या भागात विहिरी खोल, बोअर त्याहून खोल, आणि विजेचा दाब असा की आठवड्याला कुणाची ना कुणाची मोटर जळालेलीच. जळालेली तार काढून नवी तार भरणारा माणूस गावाला डॉक्टरइतकाच लागायचा. बाईंनी पुस्तकं वाचली, फळ्यावर आकृत्या काढल्या. पण तार हातात घेतली की त्यांचं अवसान गळायचं.

शेवटी एक दिवस त्या स्टँडसमोरच्या ज्योतिबा पुकळ्याच्या मोटर भरायच्या दुकानात गेल्या. तासभर उभं राहून त्याचं काम पाहिलं आणि म्हणाल्या, "मामा, शाळेत याल का शिकवायला?"

ज्योतिबानं हातातली तार खाली ठेवली. "मी? आवं बाई, सातवीत दप्तर टाकून बापाच्या मेंढरांमागं गेलो मी. माझ्या मास्तरांनी ऐकलं तर समाधीतनं उठून येत्याल."

तरी तो आला. पहिल्या दिवशी पोरांपेक्षा तोच जास्त घाबरला होता. मग बुधवार आणि शनिवार हे त्याचे वार ठरून गेले. आठ वर्षं त्यानं ते सोडले नाहीत. तो पोरांना डोळे मिटायला लावायचा आणि मोटरीच्या आतल्या खाचांवरून बोट फिरवायला सांगायचा. "बोटाला कळलं पायजे, मग डोळ्याला. तार वढू नगा, तिला तिच्या चालीनं बसू द्या." त्याच्या हाताखालून निघालेल्या चौदा पोरांनी आपापली दुकानं काढली. त्यात मंगल कोळेकर नावाची मुलगीही होती. दहिवडीच्या बाजारात तिनं पाटी लावली तेव्हा ज्योतिबा पेढे घेऊन शाळेत आला होता.

मात्र शिकवायची जागा म्हणजे एक पत्र्याची शेड. सामान म्हणजे तीन जुन्या मोटरी. त्याच उकलायच्या, त्याच पुन्हा भरायच्या. तारेवरचा लेप निघून गेला होता, तरी तीच तार.

अशात केंद्राच्या अनुदानाचं पत्र आलं. माध्यमिक शाळांतल्या व्यवसाय शिक्षणासाठी नवी कार्यशाळा, नवी यंत्रं, सगळं सरकार देणार. अर्ज ऑनलाइन. मुदत महिनाअखेरपर्यंत.

मुख्याध्यापक राजवर्धन सर म्हणाले, "बाई, तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे. तुम्हीच भरा."

बाईंनी तीन दिवस बसून अर्ज भरला. शेडचे फोटो, पटसंख्या, गावाची लोकसंख्या, शौचालयांची संख्या, चौदा पोरांची नावं-गावं. सगळं चढलं आणि गाडी प्रशिक्षकाच्या रकान्यापाशी येऊन अडली. तिथं शैक्षणिक अर्हता लिहायची नव्हती, दिलेल्या यादीतून निवडायची होती. यादीतली सगळ्यात खालची पायरी होती दहावी उत्तीर्ण आणि सोबत मान्यताप्राप्त प्रमाणपत्र. सातवी कुठंच नव्हती. काही निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना.

मग बाई साताऱ्याला शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेल्या. तिथं विश्वजित नावाचा तरुण कारकून होता. त्यानं सगळं शांतपणं ऐकून घेतलं. बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. लोक म्हणतात तसा तो खडूस नव्हता, हीच पंचाईत होती. भांडायचं कुणाशी?

"मॅडम, मलाही पटतंय. पण यादी वरून येते, मी काय करू?" तो म्हणाला. "एक करा. अनुभवी कारागिरांसाठी एक परीक्षा असते. शिक्षणाची अट नाही, वयाची अट नाही. पास झाले की प्रमाणपत्र मिळतं आणि ते इथं चालतं. मिरजेत केंद्र आहे. तुमचे मामा काय, हसत पास होतील."

बाईंच्या जिवात जीव आला. त्याच संध्याकाळी त्यांनी ज्योतिबाला गाठलं. त्यानं आधी मान हलवली, मग हसला. "मोटरीचीच परीक्षा हाय न्हवं? मग जाऊ की."

रहिमतपूरला दोघं पॅसेंजरमध्ये बसले. ज्योतिबानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, आणि मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत त्यानं स्वतः भरलेली एक छोटी मोटर होती. साहेबांना दाखवायला. किर्लोस्करवाडी आली तेव्हा त्यानं खिडकीतून बोट केलं. "ह्या अंगाला कुंडल. तितं एका मिस्त्रीच्या हाताखाली तीन वर्सं काडली मी. पयल्या वर्सी नुसती झाडलोट. दुसऱ्या वर्सी जळकी तार काडायची. तार भराय दिली ती तिसऱ्या वर्सी." मग तो म्हणाला, "बाई, आज त्यो मिस्त्री असता तर त्येला सांगितलं असतं, माजी परीक्षा हाय म्हणून."

मिरजेचं केंद्र स्टेशनापासून जवळच, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. दारातल्या मुलानं ज्योतिबाची पिशवी बाहेर ठेवून घेतली. आत काही न्यायचं नाही, असा नियम. बाई ती पिशवी मांडीवर घेऊन जिन्यापाशी बाकावर बसल्या. खालून दवाखान्याचा फिनेलचा वास येत होता.

दोन तासांनी ज्योतिबा बाहेर आला. सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. त्यानं बाईंच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि जिना उतरू लागला. रस्त्यावरच्या चहाच्या गाड्याशी आल्यावर तो बोलला.

"बाई, मोटर न्हवतीच."

"म्हणजे?"

"पाटीवानी काचंचं हुतं, त्येच्यात मोटरीचं चित्र. म्या इचारलं, मोटर कुटं हाय? त्यो पोरगा म्हनला, आजोबा, हीच मोटर, हिच्यावर बोट लावा. माजं बोट त्येला कळंना. चारदा दाबावं तवा एकदा उमटायचं." त्यानं अंगठा आणि पहिलं बोट बाईंसमोर धरलं. वार्निश आणि तारेनं कातडं जाड, काळं, गुळगुळीत झालेलं. "आनि प्रश्न! गुंडाळीची खेळपट्टी म्हंजे काय, म्हनून इचारलं. म्या म्हनलं, ह्येच्यात क्रिकेट कुटनं आलं?"

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खेळपट्टी म्हणजे पिच. गुंडाळीची एक बाजू एका खाचेत बसवली की दुसरी बाजू किती खाचा सोडून बसवायची, ते. इंग्रजीतला प्रश्न कुणीतरी न बघताच मराठीत लोटला होता. आणि तेच माप ज्योतिबाच्या बोटांना डोळे मिटून ठाऊक होतं.

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"काय लिवनार? निम्म्यात हुतो तवर येळ संपली. काचच काळी झाली."

चहा तसाच राहिला. 

निकाल बाराव्या दिवशी आला. ज्योतिबाला ई-मेल नव्हता म्हणून परीक्षेच्या अर्जात बाईंनी स्वतःचा दिला होता. त्यामुळं 'अनुत्तीर्ण' हा शब्द आधी त्यांच्याच फोनवर उमटला, तोही शिक्षकखोलीत, सगळ्यांसमोर. त्यांनी फोन पालथा ठेवला. पण शेजारच्या बाईंनी वाचलं होतं, आणि दुपारपर्यंत स्टँडवर बातमी पोहोचली. ज्योतिबा मिस्त्री मोटरीत नापास झाला.

आता मुदतीचे चार दिवस उरले होते. राजवर्धन सरांनी बाईंना बोलावलं. "कऱ्हाडचा एक मुलगा आहे, निमिष म्हणून. त्याच्याकडं प्रमाणपत्र आहे. त्याचं नाव टाका आणि अर्ज पाठवून द्या."

"आणि मामा?"

"मामांना आपण कुठं काढतोय? अनुदान येऊ दे, मग बघू."

"सर, अटी मी वाचल्यात. प्रमाणपत्राशिवाय कुणी वर्गावर उभं राहायचं नाही. कॅमेरा बसणार आहे, हजेरी अंगठ्यावर होणार आहे."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेडचा एक पत्रा वाऱ्यानं फडफडत होता. "बाई, यंदा पस्तीस पोरं आहेत. तीन मोटरी आहेत. तुम्हीच सांगा काय करू. तुम्ही सांगाल ते करतो."

 शेवटच्या दिवशी दुपारी बाई संगणकापुढं बसल्या. ज्योतिबाला आधी विचारावं, असं दहादा मनात आलं. दुकान शाळेपासून पाच मिनिटांवर होतं. पण विचारलं तर तो 'भरा' म्हणेल, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो 'भरा' म्हणताना त्याच्या तोंडाकडं बघायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी निमिषचं नाव घातलं. यादीतून अर्हता निवडली. पुढचं पान लगेच उघडलं.

अनुदान मंजूर झालं. तालुक्यात एकाच शाळेला मिळालं, म्हणून बाईंचा सत्कार झाला. शेड पाडून पक्की कार्यशाळा उभी राहिली. नव्या कोऱ्या बारा मोटरी आल्या. उद्घाटनाला ज्योतिबा आला, पालकांच्या रांगेत बसला, नारळ फुटल्यावर टाळ्या वाजवल्या आणि प्रसाद घेऊन गेला. त्यानंतर बुधवार आले, शनिवार आले. तो शाळेकडं फिरकला नाही, आणि 'या' म्हणायला बाईंना तोंड नव्हतं.

निमिष आला. चांगला मुलगा होता, साधा. आठवड्याभरातच एकदा मधल्या सुट्टीत बाईंकडं येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? प्रमाणपत्र आहे माझ्याकडं, पण खरी मोटर मी कधी भरलेली नाही. आम्हालाही पडद्यावरच शिकवलं. पोरं मला विचारतात, मामा असं करायचे, तुम्ही तसं का करता? मला कुणीतरी शिकवा."

बाई त्याला रविवारी सकाळी ज्योतिबाच्या दुकानात घेऊन गेल्या. तो दारातूनच परत पाठवील, असं त्यांनी धरलं होतं. पण ज्योतिबानं दोघांना बसायला पोतं टाकलं, कोण कुठला विचारलं, आणि जरासुद्धा हातचं न राखता अडीच तास त्या पोराला शिकवलं. "डोळं मीट. बोट फिरीव. किती खाचा झाल्या? बरोबर. आता सोड पुढं." निमिषचं बोट तारेनं कापलं तेव्हा त्यानंच फडकं बांधलं. "पुढच्या रईवारी पुन्ना ये रं. हात बरा हाय तुजा."

निमिष पाया पडून गाडी काढायला बाहेर गेला. बाईही उठल्या. तेवढ्यात ज्योतिबा म्हणाला, "बाई, जरा थांबा."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो. फोटो नवे होते, निळ्या पडद्यापुढं काढलेले. त्यात तो तोच पांढरा सदरा घालून ताठ बसला होता.

"त्या परीक्षंला परत बसता येतंय का, तेवडं बगा. शाळंत येऊन शिकवायचं म्हनून न्हाई. आता हाय की ह्यो पोरगा. पर गावात लय बोलत्यात. चाळीस वर्सं मोटरी भरल्या, आन एका काचंनं नापास केला. एकदा पास झालो म्हंजे बास. नातवाकडनं शिकतोय ते काचंवर बोट लावाय."

नियम बाईंनी निकालाच्याच दिवशी वाचला होता. एकदा नापास झालेल्यानं मान्यताप्राप्त केंद्रात पुरं सहा महिने प्रशिक्षण घ्यायचं, मगच पुन्हा परीक्षा. प्रशिक्षणाला वयोमर्यादा पंचेचाळीस. तालुक्यातलं मान्यताप्राप्त केंद्र आता एकच होतं, अनुदानासोबत मान्यता मिळालेली त्यांची स्वतःची शाळा, आणि तिथं शिकवणारा होता निमिष. ज्योतिबाला छप्पन्न पुरी झाली होती.

हे सगळं ओठापर्यंत आलं. ज्योतिबा त्यांच्याकडं बघत होता, वर्गातलं पोर उत्तर बरोबर आहे का म्हणून बघतं तसा.

"विचारते मामा साताऱ्यात," बाई म्हणाल्या. "सोमवारीच जाऊन विचारते."

"व्हय, इचारा. घाई न्हाई," तो म्हणाला, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

बाहेर निमिषनं गाडी चालू केली होती. बाईंनी पिशवी पर्समध्ये ठेवली, फोटो दुमडणार नाहीत अशा बेतानं, आणि त्या मागं बसल्या.